सासऱ्याच्या नावाची विहीर

भूत-बित मी कधीच मानलं नाही, आजही मानत नाही. मी सोलापूरची, अरेला कारे करणारी. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून जयपूरला आलो, प्रताप नगरला राहतो. इथे मला एका प्रोजेक्टचं काम मिळालं – आसपासच्या गावांतल्या शेतांची, विहिरींची नावं आणि त्यांचे अर्थ रेकॉर्ड करायचं. काम आवडीचं. माणसं मात्र... असो.

चाकसूच्या पुढे एक छोटी वस्ती आहे. तिथे पहिल्या दिवसापासून आमचं बिनसलं. "ज़मीन नपवाने आई है क्या?" इथूनच सुरुवात! चहा सोडा, पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. पुरुषांनी तोंड वाकडं करत नावं सांगितली. वस्तीमागे एक कोरडी विहीर आहे. ज्याने ती खणली, त्याच्याच नावाने ओळखली जाते. तो माणूस जाऊनही जमाना झाला म्हणे.

एक नाव दोघांकडून तरी पडताळायचं, असा आमचा नियम. म्हणून दुपारी विहिरीकडे गेले. चार-पाच जणी मोहरीच्या काड्या गोळा करत होत्या. नाव विचारलं तर सगळ्या आणखी खाली वाकून काड्या वेचायला लागल्या. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "हम नाम नहीं लेते. ससुरजी का नाम है."

"तो कुएँ को क्या बोलती हो?"

"कुछ नहीं. तू जा यहाँ से."

तिचा तो सूर! माझं डोकंच फिरलं. मेलेल्या माणसाचा कसला एवढा धाक? मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि नाव मीच घेतलं. मोठ्याने, नुसतं नाव, पुढे 'जी' नाही की काही नाही.

आणि माझ्या मागे कुणीतरी खाकरलं.

इकडे अंगणात शिरण्याआधी सासरा खाकरतो, म्हणजे सुना घूंघट ओढून घेतात. अगदी तसंच, सावकाश, हक्काने. सगळ्या बायकांनी एकदमच तोंडावर पदर ओढले आणि पाठ करून खाली बसल्या. मी गर्रकन वळले. कापणी झालेलं उघडं शेत, लख्ख ऊन. आडोशाला एक झुडूपसुद्धा नव्हतं.

"सिर ढक," म्हातारी घूंघटातून म्हणाली.

"नहीं ढकूँगी."

पुन्हा खाकरणं. या वेळी अगदी कानाशी... विडीचा वास आला. मानेवर कुणाचा तरी श्वास लागला, गरम.

मी ओढणी डोक्यावर घेतली. कुणी हात धरला नव्हता, माझ्याच हातांनी घेतली.

म्हातारी हसली. दया-माया काही नाही त्या हसण्यात. "अब ले नाम," ती म्हणाली.

मी निघून आले. नवऱ्याने रेकॉर्डिंग ऐकलं. माझा आवाज आहे, तिचा आहे, मध्ये वारा. खाकरणं नाही. तो म्हणतो, उन्हाने झालं असेल. असेलही! पण मग त्या सगळ्या जणींनी एकाच क्षणी पदर का ओढले? भीती गेली कधीच. संताप मात्र जात नाही – त्या बायकांचा, त्या मेलेल्या म्हाताऱ्याचा, सगळ्यात जास्त माझा.

रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. प्रोजेक्टमधून दोनदा फोन आला, एवढं एकच नाव राहिलंय म्हणून. नाव मला तोंडपाठ आहे. घेत नाही.