माझी वही, तिचा माउस
माळा आवरताना कॉम्प्युटर क्लासची जुनी वही हाताला लागली आणि मी ती न उघडताच बाजूला ठेवली. नव्वदच्या दशकातला डोंबिवलीचा क्लास, चपला दाराबाहेर, आत एसीचा गारठा आणि एका मशीनवर दोघी. माझी पार्टनर कोपरहून यायची. पहिल्या दिवशी तिने माउस धरला तो धरलाच. मी वहीतून वाचायचे, 'इन्सर्ट, न्यू स्लाईड', आणि ती क्लिक करायची. दोन महिने असंच चाललं. परीक्षेला मात्र आम्हाला शेजारशेजारची वेगवेगळी मशीनं मिळाली. ठाण्याच्या एका ऑफिसात नोकरीची एकच जागा होती, जिची परीक्षा चांगली जाईल तिचं नाव क्लासचे सर पाठवणार होते. मला सगळा मेनू तोंडपाठ, पण स्क्रीनवरचा बाण ऐकेचना. फाईलवर न्यावा तर एडिटवर घसरायचा. सवयीने मी पुटपुटत होते, 'फॉरमॅट, स्लाईड लेआउट'. सहज बाजूला बघितलं तर तिच्या चार स्लाईड तयार. माझंच ऐकून ती भराभर क्लिक करत होती, नेहमीसारखी. मी ओठ मिटले. तिचा हात थांबला. "अगं बोल ना, पुढे काय?" ती हळूच म्हणाली. मी मान वर न करता, वहीतले शॉर्टकट आठवत कीबोर्डवरून एकेक मेनू उघडत राहिले. नोकरी मला लागली. आजही ऑफिसात कोणी नवीन मुलगी "मॅडम, पुढे काय?" म्हणाली, की मी हातातलं काम तसंच टाकून उठते आणि तिच्याशेजारी जाऊन बसते.