बाईंचं ‘कशावरून?’

सातवीच्या गणितात आमच्या वस्तीवर मला अजून तोड नाही! एकाच वर्गात इतकी वर्षं काढल्यावर कुणालाही जमेल म्हणा. मास्तर बदलले, फळा बदलला, मी तिथंच. आता शाळेसमोरच्या चिंचेखाली बसतो, अन् चिंचांसारखे किस्सेही अंगावर पडत राहतात. गणिताच्या नव्या बाई आल्यापासून तर नुसता सडा!

बाई वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या. उत्तर चुकलं की विचारणार, "कशावरून?" बरोबर आलं तरी, "कशावरून?" पोरं इतकी धसकली, की बरोबर उत्तर खोडून शेजारच्याचं चुकीचं लिहायला लागली!

डाळिंबवाल्या तात्यांची नात स्वरा तर वैतागून म्हणाली, "बाई, बरोबर हाय तर गप बसा की!"

*

एकदा बाई रजेवर. मोठे गुरुजी वर्गावर.

"त्रिकोणाच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशी. लिहा!"

स्वरा उठली. "कशावरून?"

"पुस्तकात आहे!"

"पुस्तकाला कुणी सांगितलं?"

"खाली बस!"

ती बसली, गुरुजींना मात्र बसवेना. मधल्या सुट्टीत बघतो तर ऑफिसात कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून पट्टीला जुळवतायत!

मी खिडकीतून म्हणालो, "गुरुजी, राख्या करताय व्हय?"

"आबा, सरळ रेषेत बसतंय हो! पण सगळ्याच त्रिकोणांचं बसेल का?"

शाळा सुटेस्तोवर माणूस त्रिकोण फाडत होता!

*

बिनसलं ते डाळिंबापायी. तात्या शाळा समितीचे अध्यक्ष. बागेत व्यापारी आला, तसे तात्या क्रेटवर थाप मारून म्हणाले, "वरपासून खालपतोर एकच साइज!"

स्वरा शेजारीच. "कशावरून, तात्या? दिसतोय तर वरचाच थर."

व्यापाऱ्यानं क्रेट पालथं केलं. खाली लिंबाएवढी डाळिंबं!

दुसऱ्याच दिवशी तात्यांनी पालकांची सभा लावली. विषय एकच: बाईंची बदली मागायची.

*

सभेत नुसती चुळबुळ. "पाढं येईनात, आन् कशावरून, कशावरून!" बाई कोपऱ्यात बसलेल्या. दारात स्वरा रडवेली. मला काय राहवतंय! लग्नात, बारशात दाखवतो तो हुकमी खेळ काढला.

"तात्या, मनात आकडा धरा. दुप्पट करा. दहा मिळवा. निम्मं करा. धरलेला आकडा वजा करा. पाच उरलं!"

तात्या दचकले. दुसरा आकडा धरला, चांगला मोठा. पुन्हा पाच!

"काय बी धरा, पाचच येणार!" मी म्हणालो.

"कशावरून?" तात्या गरजले.

सभा खो खो हसली. तात्यांनी जीभ चावली.

तेवढ्यात स्वरा दोन्ही मुठी आवळून पुढं आली. "दोन्हीत सारखेच चिंचोके हाईत. किती, ते इचारू नका. ही झाली दुप्पट. आबा, दहा चिंचोके ठेवा टेबलावर."

ठेवले.

"आता निम्मं." एक मूठ पाठीमागं नेली, कोपरानं पाच चिंचोके टेबलाखाली पाडले. "आता धरलेला आकडा वजा." दुसरी मूठही पाठीमागं. टेबलावर उरले पाच! "मूठ उघडायचं कामच न्हाय, तात्या."

तात्यांनी ते पाच चिंचोके बोटानं पुन्हा मोजले. मग घसा खाकरून म्हणाले, "बाई, च्या घ्या. गार हुतोय."

बदलीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पण माझा खेळ कायमचा बसला ना! मी स्वराला गाठलं. "सटवे, माझी विद्या चोरलीस!"

"चोरली कशी, आबा? ती तुमच्यापाशी तरी कुठं व्हती?"