समोरचं दार उघडलं की

आमच्या जुन्या बिल्डिंगीत दिवसा कोणाचं दार बंद दिसलं तर त्याचे दोनच अर्थ निघायचे. घरात कोणी आजारी आहे, नाहीतर कडाक्याचं भांडण चाललंय. एरवी सकाळी दूध घेतल्यापासून दिवेलागणीपर्यंत सगळ्यांची दारं सताड उघडी. मला तेव्हा त्याचा वैतागच यायचा. शाळेत शिकवून दमून यावं, तर शेजारची कोणीतरी आधीच आमच्या पलंगावर पाय वर घेऊन बसलेली असायची.

मग भाईंदरची ती तीन मजली बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उभा राहिला. जुने शेजारी आपापले फ्लॅट विकून वसई-विरारला गेले. हे असते तर आम्हीही गेलो असतो. पण हे राहिले नाहीत, आणि नव्या गावात एकटीने काय करायचं, म्हणून मी विसाव्या मजल्यावर राहायला आले. आल्या दिवसापासून दार उघडं ठेवलं. समोर एक गुजराती कुटुंब आलं होतं, नवरा-बायको आणि सासू. वाटलं, येतील आज ना उद्या.

पण दार उघडं राहीलच तर शपथ! बाल्कनी पश्चिमेला, दुपारनंतर समुद्राकडचा वारा थेट घरात घुसायचा आणि दार धाडकन आपटायचं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो, हे मी जन्मभर फळ्यावर लिहिलं. मुलांना ते पटायचं नाही. मग मी त्यांना शाळा सुटतानाचं फाटक आठवायला सांगायची. मुलं दुप्पट वेगाने धावत सुटली तर तेवढ्याच वेळात दुप्पट मुलं अंगावर येतात, आणि प्रत्येकाचा धक्काही दुप्पट. झाला की नाही चौपट? तेवढ्याच वेळात वाहून येणाऱ्या ऊर्जेचं तर त्याहून पुढचं, ती आठपट होते. खाली झाडं-घरं वाऱ्याला अडवतात, वर त्याला विचारणारं कोणी नाही, म्हणून वरच्या मजल्यावर त्याचा वेग जास्त. मला सगळं पाठ होतं, आणि दार काही माझं ऐकत नव्हतं.

रबराची पाचर लावून पाहिली, तांदळाचा डबा लावून पाहिला. नव्या गुळगुळीत लाद्यांवरून दोन्ही सरकत जायचे. गंमत म्हणजे कधी बाहेर सोसाट्याचा वारा असूनही दार ढिम्म हलायचं नाही, आणि कधी बेताच्या वाऱ्यातही आपटायचं. मी म्हटलं, झोत असणार. आमच्या मास्तरकीत उत्तर सुचलं नाही असं कधी होत नाही.

खरं तर मला दाराचं काही पडलं नव्हतं. कोणीतरी यावं, एवढंच हवं होतं. दिवसच्या दिवस माझा आवाज माझ्याच कानावर पडायचा नाही. वर्ष होत आलं तरी समोरची बाई नुसती मान खाली घालून लिफ्टकडे जायची. मी मनातल्या मनात तिला शिष्ट ठरवून टाकलं.

एका दुपारी बेल वाजली. तीच होती. हातात ढोकळ्याची ताटली, आणि चेहरा रडवेला.

"आंटी, हमसे कोई गलती हुई क्या?" तिने विचारलं. "हम जब भी दरवाजा खोलते हैं, आप अपना जोर से बंद कर देते हो. मम्मीजी को बहोत बुरा लगता है."

मी आधी तिच्या दाराकडे पाहिलं, नंतर माझ्या. मग डोक्यात प्रकाश पडला. त्यांचं दार बंद असलं की माझ्या घरात शिरलेल्या वाऱ्याला पुढे वाटच नसायची, तो जागच्या जागी अडून राहायचा. त्यांनी दार उघडलं की त्यांच्या घरातल्या पलीकडच्या खिडकीपर्यंत वाट मोकळी व्हायची, वारा वेग धरायचा आणि वाटेतलं माझं दार आपटायचं. नेमकं त्यांच्या तोंडावर!

"मैं नहीं गं बाई, हवा करती है!" मी म्हटलं आणि तिला तिचं दार उघडायला लावलं. धाडकन आवाज झाला. दोघीही पोट धरधरून हसलो. त्या दिवशी ती चहाला थांबली, निवांत बसली.

निघताना म्हणाली, "अब आप टेन्शन मत लो. हम अपना दरवाजा बंद रखेंगे."

"अगं नको, मीच बाल्कनी लावून घेत जाईन," मी म्हटलं.

"नहीं नहीं, आप हवा खाओ ना आंटी."

शब्दाची पक्की निघाली. बाहेर पडताना जेमतेम अंगापुरतं दार उघडते, चटकन ओढून घेते, मला हात करते आणि लिफ्टमध्ये शिरते. माझी एवढी काळजी आता दुसरं कोणी घेत नाही, म्हणून तिला काही बोलवतही नाही. माझं दार दिवसभर उघडं असतं, तसूभरही हलत नाही. मी खुर्ची टाकून समोरच्या बंद दाराकडे बघत बसते, आणि मनात म्हणते, एक दिवस विसर गं बाई, आपटू दे माझं दार.