कधी वल्हं धरलं आहेस का?

माझे वडील पंचगंगेवर नाव चालवत. कोल्हापूरपासून तीन कोसांवर आमचं गाव. बाजारच्या दिवशी माणसं, शेळ्या, गुळाच्या ढेपा पलीकडे न्यायच्या, हे आमच्या घराण्याचं काम. आठ वर्षांचा असल्यापासून मी त्यांच्या शेजारी उभा राहून वल्हं मारत असे. पुढे महाराजांनी काढलेल्या वसतिगृहात मला जागा मिळाली, परीक्षा पार पडल्या आणि दरबारच्या खर्चानं मी विलायतेला शिकायला गेलो.

आगबोटीवर सोबतीला सरदारांचे, जहागीरदारांचे मुलगे होते. घरची चौकशी झाली तेव्हा "शेतीवाडी आहे" एवढंच मी म्हणालो. त्यांनी त्याचा मोठा अर्थ घेतला. मी तो घेऊ दिला.

कॉलेज सुरू होऊन महिना झाला नव्हता, तोच वरच्या वर्गातला एक लाल केसांचा गोरा विद्यार्थी खोलीवर आला. त्यांच्या शर्यतीच्या नावेत एक माणूस कमी पडत होता.

"कधी वल्हं धरलं आहेस का?"

"नाही. आमच्याकडे ते काम नोकर करतात."

असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते आपसूक आलं, आणि तो गेल्यावर माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो. नाव कसली, पडवळासारखी लांबच लांब आणि इतकी अरुंद, की पाय ठेवताच डुचमळली. आठजण एकामागं एक बसलेले, प्रत्येकाच्या हाती एकच वल्हं, आणि पाठ जायच्या दिशेला. मला उभ्यानं वल्हवायची सवय. पहिल्याच झटक्याला वल्हं पाण्यात अडकलं, दांडा पोटात बसला आणि मी मागच्याच्या मांडीवर आडवा झालो. सगळे हसले. मीही हसलो. मात्र अर्ध्या तासानं हातांना पाणी ओळखीचं वाटू लागलं. कुठं जोर लावायचा, कुठं सोडायचा, हे कुणी सांगावं लागलं नाही.

"खरंच कधी धरलं नव्हतंस?" काठावर आल्यावर लाल केसांच्या मुलानं विचारलं.

"खरंच नाही," मी म्हणालो.

त्या आठवड्यात वडिलांना पत्र लिहिलं, की इथले विद्यार्थी हौसेनं नाव वल्हवतात आणि मीही जातो. वडिलांना अक्षरओळख नव्हती. शाळेतले गुरुजी पत्र वाचून दाखवत आणि ते बोलतील ते उतरवून घेत. उत्तर आलं:

"तुजं वल्हं सुटावं म्हून एवढ्या लांब धाडला, आन तू तितं जाऊन त्येच धरलंस व्हय रं? आसू दे. त्या सायबांस्नी सांग की, माज्या बानं शिकिवलंय म्हून. त्यास्नी आपली तऱ्हा पटली का, त्येवढं कळीव."

वाचून मला हसू आलं, आणि मग दिवसभर जेवण गेलं नाही. काय कळवणार? खोटं लिहवेना, खरं सांगवेना. पुढच्या प्रत्येक पत्रात मी थंडीबद्दल लिहिलं, अभ्यासाबद्दल लिहिलं. नावेचं नावसुद्धा काढलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर गुरुजींचं पत्र आलं. गावात प्लेग शिरला होता. माणसं घरं सोडून शिवारात झोपड्या घालून राहिली होती. पलीकडे जाणारं कुणी ना कुणी होतं, म्हणून वडिलांनी नाव बंद केली नाही. चार दिवसांच्या तापात ते गेले. खाली गुरुजींनी लिहिलं होतं, "टपालाच्या दिवशी ते शाळेच्या दारात येऊन बसत. तुमचं पत्र वाचून झालं, की 'नावंचं काय लिवलंय का?' असं विचारत."

मी तसाच नदीवर गेलो. लाल केसांचा मुलगा एकटाच वल्ही पुसत होता. मी त्याला म्हणालो, "माझे वडील नावाडी होते. ते वारले."

त्यानं हातातलं वल्हं खाली ठेवलं. "अरे, मग पहिल्याच दिवशी सांगायचंस ना! आम्हां सगळ्यांना तूच शिकवलं असतंस."

त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. इतके महिने मी ज्याला भीत होतो ते एवढंच होतं. धक्क्याच्या ओल्या फळ्यांवर बसून मी रडलो. काय करावं हे त्याला कळेना. शेवटी त्यानं आपला कोट माझ्या खांद्यांवर टाकला आणि तो शेजारी बसून राहिला. त्यानंतर मी तिथं नावेत बसलो नाही.

दोन वर्षांनी गावी परतलो. नाव आता चुलत्याकडे होती. मला बघून त्यानं हौसेनं वल्हं पुढं केलं, पण मला ते घेववेना. मी उतारूंमध्ये बसून पलीकडे गेलो.

घरी आई म्हणाली, "तुजा बा नावंत बसंल त्येला सांगायचा. सायबं माज्या पोराकडनं वल्हवाय शिकत्यात, म्हनायचा. खरं न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला जेवायला वाढलं.