ओठावरची पन्हळ

कुंदामावशी नव्या माणसाच्या डोळ्यांकडे नंतर पाहत, आधी नाकाखाली. देश सोडून बॉथेलला आम्ही राहायला आलो त्या सकाळी कुंपणावरून वाकून त्यांनी माझा वरचा ओठ न्याहाळला आणि समाधानाने म्हणाल्या, "पन्हळ आहे. म्हणजे माणूस आहेस. ये, कॉफी टाकलीय."

त्यांचे वडील पेनांगच्या बंदरात नोकरीला होते. मावशींचे बालपण तिथेच सरले. मराठी आईकडून आलेली, जुन्या वळणाची. भुते मात्र सगळी मलेशियाची. रबराच्या रानात राहणारी बुनियान नावाची अदृश्य माणसे त्यांनी माझ्या सात वर्षांच्या ईराला दिली. ती दिसायला आपल्यासारखीच, सुंदर, मृदू बोलणारी. फक्त नाक आणि ओठ यांच्यामधली ती इवलीशी पन्हळ त्यांना नसते. दर शनिवारी दुपारी मावशींच्या मागच्या डेकवर, ओल्या सीडरच्या वासात, त्यांच्या गोष्टीतली मेलाती नावाची एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत त्या रानात थोडी थोडी आत जाई.

"मावशी, तिला हंग्री वाटलं तर?" ईरा विचारी.

"वाटू दे. तिथला घास गिळला की परतीची वाट पुसली. भूक परवडते बाळा, वाट हरवलेली परवडत नाही."

"मग भावाला हाक का नाही मारत?"

"रानात नावाने हाक मारायची नाही. नाव ती अदृश्य माणसं ठेवून घेतात. हरवलेल्याला बोलवायला आमच्याकडे सूप बडवायचे. इथे थाळी चालेल."

पानगळीत ईराच्या रक्तातला आजार उघड झाला. औषधांनी तिच्या देहाचे सगळे दरवाजे सताड उघडे टाकले, म्हणून हॉस्पिटलमधल्या तिच्या खोलीत प्रत्येकाने मास्क लावूनच जायचे. आणि तिने खाणे सोडले. भात, जेली, सफरचंदाचा गर, सगळे ट्रेमध्ये गार होई. तिचे ओठ शिंपल्यासारखे मिटलेले. वजन असेच उतरत राहिले तर पुढचे औषध देता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पुढच्या औषधापलीकडे आमच्यापाशी काहीच नव्हते.

"एकच घास, सोन्या," मी चमचा पुढे केला. तिने माझ्या मास्ककडे कितीतरी वेळ पाहिले.

"आर यू शुअर, तू माझीच आई आहेस?"

तेव्हा मला उमगले: मास्कखाली कुणाचीच पन्हळ तिला दिसत नव्हती. कॉरिडॉरमध्ये धावत येऊन मी फोनवर ओरडले, "मावशी, तुमच्या गोष्टीपायी माझी मुलगी उपाशी मरतेय! ते सगळं खोटं आहे म्हणून सांगा तिला!"

पलीकडून त्यांची धाप ऐकू आली. त्यांची फुप्फुसे तेव्हाच थकत चालली होती. "खोटं नाही म्हणणार गं. एकदा खोटं म्हटलं की माझं कुठलंच बोलणं तिला धरून राहता येणार नाही. थांब, येते मी."

ऑक्सिजनची नळकांडी ओढत त्या आल्या. खोकल्यामुळे आत सोडेनात, म्हणून दाराच्या काचेबाहेरच उभ्या राहिल्या. काचेला नाक टेकवून आधी स्वतःचा ओठ दाखवला. मग नर्सचा हात धरला. "कम डिअर, तुझी पन्हळ दाखव तिला. शो, शो." नर्स हसली, आणि तिने मास्क खाली केला. मग फरशी पुसणारा उंच माणूस आला, मग डॉक्टर. एकेकाने हनुवटी उचलून काचेपाशी वाकायचे, आणि मावशी जत्रेतल्या खेळवाल्यासारख्या एकेका ओठाकडे बोट दाखवत होत्या. शेवटी मी. माझ्याच उच्छ्वासाने काच धुरकटली आणि क्षणभर माझा ओठ नाहीसा झाला. मी घाईघाईने बाहीने काच पुसली.

सलाइनचा स्टँड ओढत ईरा आली. माझ्या नाकाखाली, काचेवर, तिने बोट ठेवले. आतून आवाज येत नव्हता, पण ओठांची हालचाल मला वाचता आली: पन्हळ आहे.

त्या दुपारी तिच्या दातांवर चमचा वाजला. इतका ओला, इतका उजळ आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

"मेलाती घरी पोचते का?" तिने नर्सच्या फोनवरून काचेपलीकडे विचारले.

"ते तू घरी आलीस की सांगेन. अर्धी गोष्ट मागे ठेवली ना, की माणसाला परतावंच लागतं," मावशी म्हणाल्या.

ईरा वसंतात परतली. मावशींच्या फुप्फुसांना हिवाळा ओलांडता आला नव्हता.

घरी आल्यावर ईराने स्वयंपाकघरातली स्टीलची थाळी आणि डाव उचलला आणि मागच्या डेकवर गेली. डोक्यावर नुकतीच लव फुटली होती. झाडांकडे तोंड करून, एकदाही नाव न घेता, ती थाळी वाजवत राहिली. शेजारचे कुत्रे भुंकून थकले. सीडरचा ओला वास येत होता. झाडांत कुठेच काही हलले नाही. हळूहळू तिचा हात मंदावला.

"आई," झाडांवरची नजर न काढता ती म्हणाली, "मावशीनं तिथलं खाल्लं असेल."

मी तिच्या हातातून थाळी घेतली आणि वाजवू लागले.