मी भरलेला रकाना

"सांग ना, तुझा भाऊ आधी कसा होता?"

संस्थेच्या साहेबांनी माईक माझ्या तोंडाशी धरला. हॉल भरलेला. पाहुणे, फोटोवाले, पहिल्या रांगेत ठाणेदार. शेजारी माझा भाऊ, संस्थेचा पांढरा टी-शर्ट घालून, मान खाली. छातीवर छापलेलं, 'मी बदललो'.

काय बदलला? त्यानं आजवर कुणावर हात उगारला नाही. कोंबडी कापताना डोळे मिटतो तो.

चूक माझी. वस्तीतली मारामारी थांबवायला ही संस्था आली, तेव्हा बारावी शिकलेली म्हणून मला कामावर घेतलं. 'धोक्यातल्या' पोरांची यादी करायची. यादीत नाव असलं तरच ड्रायव्हिंगचा क्लास फुकट. सरळ पोराला काहीच नाही. मग मीच भावाचं नाव लिहिलं. 'मारामारीची सवय' या रकान्यात खूण केली. शेजारणी मागं लागल्या, "माह्या पोराचंही लिव ना वं." तीही लिहिली. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला आम्ही.

यादी पोलीस ठाण्यात गेली. तेव्हापासून बाजूच्या मोहल्ल्यात काच फुटली तरी भावाला उचलतात. नाव काढा म्हणून मी तीनदा अर्ज दिला. "आता निघत नाही, रिपोर्ट वर गेला," साहेब म्हणाले. भाऊ घरात बोलेना. एकदाच बोलला.

"ताई, काहून लिवलं वं तू?"

आणि आता हा माईक. खोटं बोलले तर नोकरी राहते, भाऊ जन्माचा गुंड. खरं बोलले तर नोकरी जाते, आणि नाव तरीही निघणार नाही. स्वतःची लाज वाटत होती.

"बोल, घाबरू नको. तुमच्यासाठीच तर करतो आम्ही हे सगळं."

तुमच्यासाठी! डोकंच फिरलं.

"माहा भाऊ गुंडा नव्हता. मी खोटं लिवलं. चांगल्या पोराले तुमच्या इथं जागाच नाही, म्हणून लिवलं."

माईक बंद झाला. ठाणेदार मोबाइल पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, कामावर येऊ नको.

नाव अजून यादीत आहे. परवा भावाला पुन्हा नेलं. मीही मागोमाग ठाण्यात गेले, तो सुटेपर्यंत बाकावरून उठले नाही. मी लिहिलेली सगळी नावं मला पाठ आहेत. त्यातल्या कुणालाही उचललं की मी जाणार. ज्या हातानं खूण केली त्याच हातानं दरवेळी लिहून देणार की हे खोटं माझं आहे. आत टाकायचं तर मला टाका.