वायवायझेड, डीएआर आणि विलासची बॅग

आमच्या जुन्या ऑफिसातली चार टाळकी कुठे भेटली, की मशिनांबद्दल कोणी बोलत नाही. डाळमिलची मशिनं बनवून आम्ही कुठे कुठे विकली, पण त्यांचे पार्ट आता कोणाला आठवत नाहीत. कोणी नुसतं 'डीएआर' म्हणू दे, बाकीचे एका सुरात 'दारेसलाम' म्हणतात आणि किस्से सुरू होतात. लोणच्याच्या बरणीतून एक फोड काढायला जावं तर तिला चिकटून दोन येतात, तसं होतं.

कारखाना जळगावच्या एमआयडीसीत. मालक नाना. नव्वदीच्या दशकात बाहेरच्या ऑर्डरी यायला लागल्या आणि मशिनं बसवायला आम्ही विमानानं हिंडायला लागलो. जळगावला तेव्हा धावपट्टी होती, पण तिच्यावर शेळ्या चरायच्या. विमान पकडायला आधी रेल्वे पकडून मुंबई गाठावी लागे.

*

विमानतळांच्या तीन अक्षरी कोडचं वेड नानांच्या पहिल्या तिकिटापासून लागलं. नाना टोरांटोला जाणार होते आणि तिकिटावर लिहिलं होतं वायवायझेड.

नानांनी चष्मा पुसून ते तीन-चारदा वाचलं. "टोरांटोत टी आहे, ओ आहे, आर आहे. वाय एक तरी आहे का?"

आपण खान्देशातले म्हणून एजंटनं भलत्याच गावाचं तिकीट गळ्यात मारलं, अशी त्यांची खात्री झाली. तिकीट दुरुस्त करून आणायला मला मुंबईला पिटाळलं. एजंटनं माझ्यासमोर जाडजूड पुस्तक उघडून टोरांटोचा कोड तोच असल्याचं दाखवलं, वर चहा पाजला. मी तसाच परत आलो.

नानांनी पुन्हा चष्मा पुसला. मग त्यांनी मुंबईचा कोड विचारला. बीओएम ऐकून त्यांना जरा बरं वाटलं. औरंगाबादचा विचारला, तर आयएक्सयू. त्यावर मात्र त्यांनी हात टेकले.

"म्हणजे हे लोक गावाचं नावच वाचत नाहीत," नाना म्हणाले. "आपल्यालाच पाठ करावं लागेल."

*

झालं! दर शनिवारी कारखान्यातली आरती आटोपली, की आम्ही सगळे ओळीनं उभे आणि नाना खुर्चीत. पोरांना पाढे विचारावेत तसे ते आम्हाला कोड विचारायचे. चुकला त्यानं पुढच्या शनिवारी सगळ्यांना भजी खाऊ घालायची.

आमच्यात सगळ्यात जास्त भजी विलासनं खाऊ घातली. विलास पाटील धुळ्याचा, देवपूरचा. हाताला यश असं, की त्यानं बसवलेलं मशीन कधी कुरकुरलं नाही. पण कोड म्हटला की गडी आडवा. त्याला गावं पोटावरून आठवायची. नानांनी 'एडीडी' म्हटलं की हा सांगणार, "आंबट भाकरी." ते अदिस अबाबा असायचं. 'एनबीओ' म्हटलं की, "तिथं भरताची वांगी मिळत नाहीत." ते नैरोबी.

नाना म्हणायचे, "विलास, गाव सांग. पोटाचं नको सांगू."

*

माझे वडील चाळीसगावला राहायचे. नोकरी शाळेत केली, पण सारी हयात स्टेशनाजवळ गेल्यामुळे प्रवास म्हणजे रेल्वे, एवढंच त्यांना मान्य. एकदा मी त्यांना ऐटीत माझा रूट सांगितला, बीओएमवरून एडीडी, तिथून एनबीओ.

त्यांनी विचारलं, एडीडीला गाडी किती वेळ थांबते, खाली उतरून चहा घेता येतो का. मी सांगितलं, घेता येतो. मग त्यांनी कागदावर एक लांब रेघ ओढली आणि तिच्याकडे बघत राहिले.

"आणि समोरून दुसरं विमान आलं, तर क्रॉसिंग कुठे होतं?"

मी आभाळ मोठं असतं वगैरे सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. त्यानंतर मी विमानात बसलो की ते घरी रामरक्षा म्हणायचे, असं आईनं सांगितलं. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

*

आता विलासच्या बॅगेकडे येतो.

विमानात बॅग दिली की तिच्या मुठीला कोडची चिठ्ठी लावतात. घरी आल्यावर आपण ती फाडून टाकतो. विलासची आई, आम्ही तिला अक्का म्हणायचो, ती फाडू देत नसे. तिचं म्हणणं एकच, "राहू दे रे भाऊ, लोके देखतस!"

लोकांनी बघण्याला कारण होतं. विलासचं लग्न जमत नव्हतं. वय वाढत चाललं होतं, धाकट्या भावाला दोन पोरं झाली होती आणि अक्कानं त्या काळजीनं अंथरूण धरायचंच बाकी ठेवलं होतं. सारखा फिरतीवर असणारा मुलगा संसार काय करील, म्हणून मुलीकडचे परत जायचे. त्यावर अक्कानं तोड काढली. मुलीकडचे येणार असले की ती लाल बॅग पुढच्या खोलीत टीपॉयवर ठेवायची, चिठ्ठ्या लोंबत्या सोडून. नवसाच्या झाडाला चिंध्या बांधाव्यात तशी ती दिसायची.

एका पाहुण्यानं सगळ्या चिठ्ठ्या चाळल्या आणि अदबीनं विचारलं, "मुलगा विमानतळावर हमाल आहे का?"

तेही स्थळ गेलं.

*

चिठ्ठ्या न फाडण्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. विलास दारेसलामला निघाला होता. वाटेत विमान बदलताना कोणा भल्या माणसानं नव्या चिठ्ठीऐवजी विलासच्या आधीच्या फेरीची वायवायझेडची जुनी चिठ्ठी वाचली आणि बॅग गेली टोरांटोला. त्याचा काय दोष? आठ-दहा गावांची नावं एकाच मुठीला लोंबत असतील, तर ब्रह्मदेवही चुकेल.

विलासनं ते मशीन यजमानाच्या लुंगीत बसवलं.

बॅग जळगावला परत आली तेव्हा पार पोचे पडले होते, भाकरीसाठी नेलेलं कळण्याचं पीठ बाहेरपर्यंत आलं होतं आणि मुठीला नव्या चिठ्ठ्या होत्या. एचईएल, एलआयएम. आमच्यातलं कोणीच तिथे गेलेलं नव्हतं. नानांनी एजंटकडून आणवलेल्या कोडच्या पुस्तकात पाहून हेलसिंकी आणि लिमा असं सांगितलं आणि बॅगेकडे जरा आदरानं पाहिलं.

"ही आता तुम्हा सगळ्यांना सीनियर झाली," ते म्हणाले.

अक्का खूश झाली. चिठ्ठ्या वाढल्या होत्या.

*

पुढचं स्थळ भुसावळचं होतं. मुलगी सुनंदा, शाळेत शिक्षिका. वडील रेल्वेत गार्ड होऊन निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. विलासला मुलगी फोटोतच मनापासून आवडली होती. एवढं जमू दे, पुन्हा चहापोह्याला बसणार नाही, असं त्यानं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणून मी सोबत भुसावळला गेलो होतो, आणि अक्कानं बॅगही बरोबर घेतली होती.

गार्डसाहेबांनी बॅग पाहिली, खुर्ची जवळ ओढली आणि एकेक चिठ्ठी हातात घेऊन विचारायला सुरुवात केली. इथे काय पाहिलंत? विलास सांगत गेला. नैरोबी झालं, दुबई झालं, आंबट भाकरीही सांगून झाली. मग त्यांच्या हातात लिमाची चिठ्ठी आली.

अक्का पदराआडून खुणा करत होती. मलाही वाटत होतं, काहीतरी ठोकून दे बाबा, कोण तपासायला जातंय! विलासनं घाम पुसला.

"तिथे मी गेलो नाही. बॅग गेली होती."

मग त्यानं सगळंच सांगून टाकलं, लुंगीसकट. दाराआड सुनंदा हसल्याचा आवाज आला.

गार्डसाहेबांनी चिठ्ठी सोडली. "सामान चुकलेलं मी नोकरीभर पाहिलं," ते म्हणाले, "पण स्वतःहून सांगणारा पॅसेंजर नाही पाहिला. तारीख काढा."

*

तारीख निघाली आणि विलास नेमका लग्नाच्या तोंडावर दारेसलामला अडकला. मीही बरोबर होतो. परतीचं माझं तिकीट पक्कं होतं, त्याचं वेटिंगवर. विमानतळावर त्यानं बॅग माझ्या हातात दिली. आत लग्नाचा पोशाख होता.

"निदान कपडे तरी वेळेवर पोचू देत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, खोटं कशाला सांगू.

मी लग्नाच्या दिवशी सकाळी भुसावळला उतरलो, बॅग घेऊन, नवरदेवाशिवाय. मांडवात कुजबूज सुरू झाली. मुलगा पळाला, तिकडेच कोणी ठेवली असेल, अशी बोलणी मुलीच्या कानावर जायला लागली. अक्का जानवशातून बाहेर येईना. सगळ्यांनी गार्डसाहेबांना घेरलं, की लग्न मोडल्याचं जाहीर करा.

गार्डसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "वेटिंग किती होतं?"

"पहिलाच नंबर होता."

"आणि सामान?"

मी बॅग दाखवली.

ते मांडवात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सामान आलं आहे. म्हणजे पॅसेंजर वाटेत आहे. गाडी लेट आहे, रद्द नाही. कार्यक्रम सुरू करा."

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. बॅगेला पाटावर बसवून कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सवाष्णींनी ओवाळलं. मुठीला बाशिंग बांधलं. अक्का रडतरडत बाहेर आली आणि तिनं बॅगेची दृष्ट काढली. मग बॅग घोड्यावर चढली. एका बाजूनं ती धरायला मी, पुढे बँड, आणि वरात मारुतीच्या पाया पडून परत आली. वाटेत दोघांनी मला नवरदेव कुठला म्हणून विचारलं. मी धुळ्याचा सांगितलं.

गोरज मुहूर्त होता. बॅग अंतरपाटाच्या या बाजूला, सुनंदा त्या बाजूला. तिला मावशीनं विचारलं, भीती वाटते का गं.

"ही तर वेळेवर आली ना," सुनंदा म्हणाली.

गुरुजींनी मंगलाष्टकं अशी सावकाश धरली, की एका शब्दावर उभा पंखा दोनदा मान फिरवून यायचा.

तेवढ्यात मांडवाच्या दाराशी मुंबईला केळी पोचवून परतणारा रिकामा ट्रक थांबला. त्यातून विलास उतरला. अंगावर तीन दिवसांचा शर्ट, केसांत धूळ, एका पायात चप्पल. तो धावत आत घुसायला लागला, तर दाराशी मुलीचे थोरले काका उभे होते, पारोळ्याकडचे. त्यांनी विलासला कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांनी काठी आडवी घातली.

"सरक रे भाऊ," काका म्हणाले. "नवरदेव मांडवमा बठेल शे. तू कोन?"